तुझा कस्तूर, माझी कस्तुरी

आक्का,

दहाव्याला कावळा शिवला नाही. तू असतीस तर हसून म्हणाली असतीस, "भात कच्चा ऱ्हायला आसंल, कावळ्याला बी दात न्हाईत."

धरणाच्या पाण्याकाठी सगळे ऊन चढेपर्यंत उभे होते. उंबरावर कावळे होते, दोन-तीन नव्हे, फांदी भरून होते. पण एकही खाली उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं. विलास पिंडापुढे हात जोडून म्हणाला, "आई, म्हशी इकणार न्हाई." कावळे हलले नाहीत. सून म्हणाली, "आत्याबाई, धाकटीला शिकवू, लगीन लवकर न्हाई लावणार." कावळे ढिम्म. शेवटी कोणीतरी मागून म्हणालं, "मास्तर, तुमी बोला. लाडका भाऊ तुमी. तिच्या मनातलं तुमालाच ठावं."

मला ठाऊक होतं. मी पुढे झालो, हात जोडले, आणि म्हणालो, "आक्का, सगळं नीट होईल."

एवढंच म्हणालो. सगळ्यांच्या नजरा पाठीवर होत्या आणि मी तुझ्याशीही पुढाऱ्यासारखं बोललो. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, विधी उरकला. मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं झाली. एक जण म्हणाला, "आक्का म्हणजे सोशीक बाई. अख्ख्या आयुष्यात त्यांनी कधी आवाज चढवला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

लांब, बांधापाशी, गोदा उभी होती. जेवायला थांबली नाही.

उद्या तेरावं आहे. मी हे तुझ्या ओट्यावर बसून लिहितोय, कारण तोंडी बोलायला गेलो तर परत "सगळं नीट होईल" म्हणून मोकळा होईन. उद्या हे माईकवर वाचायचं ठरवलंय. सकाळपासून दोनदा विचार बदलला. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, मला भीती वाटतेय.

सुरुवात तुझ्या शीळ घालण्यापासून करतो, कारण या गावात ती कोणी ऐकलेली नाही. म्हणजे ऐकली सगळ्यांनी, पण तुझी म्हणून नाही.

आंबवड्याला आपण लहान असताना तू गुरांमागे जाताना शीळ घालायचीस. आई चिमटा काढायची. "पोरीच्या जातीनं शीळ घालायची नसती, लक्ष्मी जाती घरातनं." तू म्हणायचीस, "हाय कुठं ती?" आणि आणखी एक चिमटा खायचीस. मला शीळ कधीच आली नाही. तू माझे ओठ धरून दाखवायचीस, मी फू फू करायचो आणि तुझ्या तोंडावर थुंकी उडवायचो. तू म्हणायचीस, "दत्तू, तुझ्यानं शीळ व्हायची न्हाई. तू शाळा शीक."

मग तुझं लग्न होऊन तू इथं हिर्डोशीला आलीस. पहिल्या पावसाळ्यात ओढ्यावर पाणी आणायला गेलीस आणि करवंदीच्या जाळीपलीकडून कोणीतरी शीळ घातली. लांबलचक, निवांत. एखादा रिकामटेकडा पोरगा वाट चुकून फिरतोय आणि सूर धरतोय, अर्ध्यात विसरतोय, परत दुसरीकडून धरतोय, अशी. तू परत शीळ घातलीस. ती परत आली. तुझ्याबरोबर गोदा होती, शेजारच्या घरची, तुझ्याच वर्षी लग्न होऊन आलेली. तिनेही घातली. तुम्हा दोघींना माहेरी चिमटे बसले होते, आणि इथं ओढ्यावर, चिमटे काढायला आई नसलेला, तुमचा वर्ग भरला.

तुझ्या सासूने अंगणातून ऐकलं. "कोण हाय रं त्यो टवाळ? सूनबाई पाण्याला गेली की शीळ घालतोय!" दाजींना काठी देऊन पाठवलं. दाजी पहाटे दगडाआड दबा धरून बसले, आणि त्यांना दिसलं ते निळसर काळं पाखरू. ओल्या खडकावर उभं, खांद्यावर ऊन पडलं की निळं चमकणारं. दाजी हसत घरी आले. "आये, टवाळ न्हाई, कस्तूर हाय." सासू म्हणाली, "आन् मग त्याला जवाब कोण देतंय?" तू हंड्यात तोंड घातलंस. गोदा उंबऱ्यावर पदर तोंडात कोंबून बसली होती. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की हंडा मला दिसतो.

मी भोरला मास्तर झालो. एकदा शाळेचं पुस्तक घेऊन तुझ्याकडे आलो होतो. त्यात कस्तुरी मृगाचं चित्र होतं. तू बोट ठेवलंस. "ह्याला बी कस्तूरच म्हणत्यात?" मी समजावलं. हे हरीण आपल्याकडचं नव्हे, हिमालयातलं. याला शिंगं नसतात, नराचे दोन दात ओठाबाहेर सुळ्यासारखे येतात. एकटं राहतं, लाजाळू असतं. नराच्या पोटाशी, बेंबीजवळ, एक गाठ असते, तिच्यात कस्तुरी. तिच्या वासापायी माणसं त्याला मारतात, आता फार थोडी उरली आहेत. तू विचारलंस, "मादीच्या पोटात?" मी म्हणालो, "मादीच्या नसते. पण लावलेल्या फासाला नर काय नि मादी काय? माद्या मरतात, पिल्लंही मरतात."

मग आपला वाद सुरू झाला, जो पुढे प्रत्येक भेटीत थोडा थोडा चालला. तू म्हणालीस, "हरणाचं पोटात हाय, म्हणून काढून न्हेत्यात. माझ्या कस्तुराचं तोंडात हाय. ते कोण काढून न्हेईल?" मी म्हणालो, तोंडात असलं तर पत्ता लागतो, हरीण निदान गप्प राहून लपतं. तू म्हणालीस, "लपून वाचलं का?" मी म्हणालो, "शीळ घातली असती तर आणखी लवकर सापडलं असतं." तू म्हणालीस, "सापडू दे की. सांगून तरी मेलं आसतं."

मी म्हणायचो, "तू अडाणी आहेस." तू म्हणायचीस, "व्हय, आन् तू मास्तर. च्या पी."

आता ती गोष्ट, जी तुला ठाऊक नाही.

काही वर्षांपूर्वी लावणी उरकल्यावर मी तुझ्याकडे आलो होतो. पहाटे ओढ्यावर कस्तूर गात होता, मन प्रसन्न झालं. निवृत्त शिक्षकांचा आमचा मोबाईलवर ग्रुप आहे. मी त्यात लिहिलं, "आमच्या आक्काच्या ओढ्याला कस्तूर आलाय. पहाटे या, दर्शन होईल." एकाने विचारलं, "कस्तुरीवाला का, सर?" मला गंमत सुचली. मी लिहिलं, "होय तर! पोटात डबी घेऊन हिंडतोय. येताना डबा आणा." सगळे हसले, अंगठे आले. चार दिवसांनी तोच मजकूर फिरत फिरत माझ्याकडे दुसऱ्या कुणाकडून परत आला. आता त्यावर हरणाचं चित्र होतं, आणि वर लिहिलं होतं, भोर तालुक्यात कस्तुरी मृग. खाली तुझ्या गावाचं नाव.

आक्का, तेव्हा एक ओळ लिहायची होती. हा पक्षी आहे, हरीण नव्हे. मी लिहिली नाही. लोक किती खुळे असतात, कस्तूर आणि कस्तुरी यांत फरक कळत नाही, याची मला मजा वाटत होती. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घाला पोरांचे कान पिळलेला मी. एवढी मोठी चूक डोळ्यांसमोर असूनही दुरुस्त केली नाही.

राखीला मी परत तुझ्याकडे होतो. पहाटे तू म्हणालीस, "दत्तू, कस्तूर आज भेदरल्यावानी कराय लागलाय. चल." धुकं इतकं होतं की तुझ्या पाठीवरचा पदर तेवढा दिसत होता. ओढ्याला पाणी मोठं होतं. खडकापाशी पोचलो आणि तू थबकलीस. खालून माणसांचा आवाज आला.

तीन जण होते. धुकं जरा हललं तेव्हा दिसले, एकाच्या हातात कोयता. बांधाच्या कडेला तारेचा फास, आणि त्यात भेकर. पाय अडकलेला, मान ताणलेली, जिभेचं टोक बाहेर.

"हे नव्हं त्ये," एक म्हणाला.

"हरीणच हाय की."

"मादी हाय. हिच्यात नसती. बेंबी बघ."

"मग काय सोडतुयास व्हय? आणलाय कोयता तर कापू. मटण तर हाय."

मी तुझं मनगट धरलं. तुला आठवतं? मी कानात म्हणालो, "आक्का, मागं चल. आपण दोघं म्हातारी माणसं." तू मनगट सोडवलंस. डोक्यावरचा पदर मागे टाकलास, जणू कामाला लागायचं आहे, आणि शीळ घातलीस.

मी इतक्या जवळून ती कधीच ऐकली नव्हती. कस्तुराचीच, पण दम मोठा. कड्यावर आपटून ती वरून परत आली. खालून एक जण ओरडला.

"कोण हाय?"

तू पुन्हा घातलीस. आणि मग, आक्का, ओढ्याच्या पलीकडून खऱ्या कस्तुराने जवाब दिला.

"पलीकडं बी हायेत! घेरलं, पळ!"

तिघे घसरत, आपटत, ओढ्यातून पळाले. कोयता तिथेच पडला. तू खाली उतरलीस, तार पिळून फास सैल केलास. भेकराने सुटताना लाथ मारली, तुझ्या हातावर तारेने लांब ओरखडा पडला. मी कोयता उचलून उभा होतो. त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात वरून गाव आलं, काठ्या घेऊन. त्यांनी पाहिलं: मास्तर, हातात कोयता, आणि त्यांच्या मागे हात पदरात गुंडाळलेली म्हातारी बहीण.

"मास्तर, तुमी पळवली त्यास्नी? शीळ तुमी घातली? पार वरपतोर ऐकू आली!"

मी तुझ्याकडे बघितलं. तू डोक्यावर पदर घेतलास. सासू जाऊन किती वर्षं झाली होती, तरी तू पदर घेतलास. मला तो पदर सोयीचा वाटला. मी म्हणालो, "काय करणार, वेळच तशी आली."

त्यानंतर भोरला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. सूत्रसंचालक म्हणाला, "सर, एकदा ती शीळ ऐकवा!" सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मी म्हणालो, "घसा बसलाय." पहिल्या रांगेत तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस, हंड्यात तोंड घातलं होतंस तशीच. माझ्या तोंडात वरची कवळी. कवळी लावलेल्या माणसाला शीळ येत नाही, ओठाआड दात हलतात आणि नुसती हवा जाते. हे गावात कवळीवाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकानेही विचारलं नाही. खोटे दात शीळ घालतात हे पटायला सोपं होतं, बाई घालते हे नव्हे.

ती शाल मी तुला आणून दिली. माझ्या मते ती माफी होती. तू ती थंडीत म्हशीच्या रेडकावर घातलीस. मी चिडलो तर म्हणालीस, "त्याला बी मान मिळू दे."

शिळेचं माझं हे खोटं तुला ठाऊक होतं, आणि तू हसण्यावारी नेलंस. पण गोदाचं काय झालं ते मी हसण्यावारी नेऊ शकत नाही.

घाटरस्त्याला गोदाची चहाची टपरी. ते तिघे आदल्या दिवशी तिथे चहा प्यायले होते. त्यांनी विचारलं, "हितं कस्तूर हाय म्हणं?" गोदाने हौसेने वाट दाखवली, "व्हय की, त्या वढ्याला. पहाटं जावा." तिला वाटलं, पाखरांचे फोटो काढणारे असतील, तसे बरेच येतात. हे तुझ्या कानावर आलं तेव्हा मी तुझ्या चुलीपाशी बसलो होतो. गोदा दारात आली होती. तू उंबरा ओलांडू दिला नाहीस.

"च्याच्या गिऱ्हाइकापायी वाट दावलीस व्हय गं?"

"मला काय ठावं, ते तसले हायेत म्हणून?"

"मग त्यास्नी कस्तूर हाय ह्ये कुणी सांगितलं? वाऱ्यानं? आपल्या दोघींबिगर कोण ऐकतंय त्याला? जा तू."

मी तिथे होतो, आक्का. चहाचा पेला हातात. एक वाक्य बोलायचं होतं. मी कवळी खालच्या दातांवर घट्ट दाबून बसलो. गोदाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मदतीसाठी पाहिलं असेल. मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. एका वाटेने पाणी आणणाऱ्या तुम्ही दोघी वेगवेगळ्या वेळी नळावर जायला लागलात. तिच्या नातीच्या लग्नाला तू गेली नाहीस. दर भेटीत मी ठरवायचो, आज सांगू. मग तू म्हणायचीस, "च्या पी," आणि मी प्यायचो.

हरणाच्या पोटातलं काढायला सुरी लागते. तुझ्या तोंडातलं कोणी नेऊ शकणार नाही असं तू म्हणायचीस. ते मी नेलं, सुरीशिवाय. आणि माझ्या पोटात जे होतं त्याचा वास मला रोज यायचा, दुसऱ्या कोणाला नाही.

भाऊबीजेला तू खाटेवर होतीस. ओवाळायला उठू शकली नाहीस, पडल्या पडल्या माझ्या कपाळाला बोट लावलंस. विलासची धाकटी मोबाईलवर काहीतरी बघून शीळ घालत होती. कोणी तिला रागावलं नाही. तू ऐकत पडलीस आणि म्हणालीस, "दत्तू, मला कुणी एकदा तरी म्हणाया पायजे हुतं, आक्का, घाल शीळ. चार माणसांत. म्या घातली आसती बघ."

मी म्हणालो, "पडून राहा, दम लागेल."

दहाव्याला उंबरावरचे कावळे कशासाठी थांबले होते, की कशासाठीच थांबले नव्हते, मला माहीत नाही. तुझा माझ्यासारखाच कावळ्यांवर फारसा विश्वास नव्हता. पण मला काय बोलायचं होतं ते मला ठाऊक होतं.

काल मी गोदाच्या दारात गेलो. टपरी आता तिची सून चालवते, गोदा ओट्यावर गहू निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, ग्रुप, डबीचा विनोद, ते चित्र, चुलीपाशी गप्प बसणं. ती निवडत राहिली. सूप संपल्यावर म्हणाली,

"शीळ तुमी घातली न्हाई, ह्ये मला त्याच दिशी कळलं हुतं. तिची शीळ मला कळायची न्हाई व्हय? आन् तुमच्या तोंडात ती कवळी." मग म्हणाली, "पर त्ये आले कुणामुळं, ह्ये मला ठावं नव्हतं. म्या मलाच इचारायची, गोदे, तूच बोललीस का कुणाला आदी? झोपंत बोललीस का?"

मी म्हणालो, "गोदाबाई, माफ करा."

"मला कशाला म्हणताय? जिला सांगायचं ती गेली की." सूप उलटं करून तिने झटकलं. "तेरावं कवा हाय?"

"परवा."

"माईक आसंल?"

"असेल."

"मग माईकवर बोला. म्या येत न्हाई तिच्या घरी. तिनं उंबरा वलांडू दिला न्हाई, आता मेल्यावर वलांडला तर ती म्हणंल, गोदा जेवाया आली. म्या माझ्या दारात हुबी ऱ्हाईन. हितं ऐकू येतं."

मी निघालो तर मागून म्हणाली, "मास्तर, पहिल्यापास्नं वाचा. मधलं गाळू नगा."

मधलं गाळलेलं नाही, आक्का. वाचताना विलास काय म्हणेल, भिंतीवरचा माझा सत्काराचा फोटो उतरवेल का, ग्रुपमधले काय बोलतील, याचा विचार चालला आहे. कवळी काढून ठेवावी म्हणतो, म्हणजे शीळ घालणारं तोंड हे नव्हे, ते सगळ्यांना दिसेल.

आता थंडी आहे. कस्तूर ओढ्यावर आहे, पण या दिवसांत तो गात नाही, फक्त टोचल्यासारखं एकदा ओरडतो आणि गप्प होतो. तेव्हा उद्या त्याचाही आधार नाही.

वाचून झालं की मी माईक बाजूला ठेवणार नाही. लोकांना सांगणार आहे की जरा वेळ कोणी बोलू नका, भांडी वाजवू नका, पोरांना गप्प करा. मग तुझ्या फोटोकडे तोंड करून, चार माणसांत, जे भाऊबीजेला म्हणायचं राहिलं ते म्हणणार आहे. गोदाच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आक्का, घाल शीळ.